एकच हुद्दा, दोन पेन्शन : निवृत्त पोलिसांची कोर्टातली लढाई नेमकी कशासाठी?

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी साडेसहाला गेलात तर एका बाकावर खात्यातली माणसं हमखास भेटतात. निवृत्त होऊन दहा-पंधरा वर्षं झाली तरी बूट चकचकीत, पाठ ताठ आणि हाक मारायची ती ‘मेजर’, ‘फौजदार’, ‘साहेब’ अशीच. मी पोलीस लाइनीत वाढले. वडील हवालदार, म्हणजे खात्याच्या बोलीत ‘मेजर’, म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शनच्या कागदांपायी मी शासन निर्णय आणि कोर्टाचे निकाल वाचायला शिकले. मी वकील नाही, पण त्या बाकावर मला ‘मेजरची पोरगी’ म्हणून ओळखतात आणि आपापली कागदांची पिशवी माझ्यापुढे उघडतात.

गेल्या काही दिवसांत तीन पिशव्या उघडल्या गेल्या. पहिली एका हवालदार काकांची. ते २०१६ मध्ये ३० जूनला निवृत्त झाले. त्यांच्याच तुकडीतला, त्याच पगारावरचा दोस्त महिन्याभराने, ३१ जुलैला निवृत्त झाला आणि त्याचं पेन्शन यांच्यापेक्षा जास्त बसलं. दुसरी एका पोलीस निरीक्षक साहेबांची. ते ऑगस्ट २०२४ अखेर निवृत्त झाले. त्यांना मिळालेलं उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, १४ लाखांवर अडली. पुढच्या महिन्यात निवृत्त झालेल्या सहकाऱ्याला मात्र मर्यादा २० लाखांची. तिसरी पिशवी एका काकूंची. त्यांचे पती सहायक फौजदार होते, आता हयात नाहीत. ‘पूर्वी वेतननिश्चिती चुकली होती, जादा दिलेली रक्कम वसूल करण्यात येईल’ असं पत्र काकूंच्या हातात पडलंय.

तिघांचं म्हणणं एकच: आम्हाला समान न्याय पाहिजे. कायद्याच्या नजरेत मात्र ही तीन वेगवेगळी भांडणं आहेत. पहिल्यात जिंकण्याचा रस्ता मोकळा झालेला आहे, दुसऱ्यात जुने निकाल विरोधात आहेत, तिसऱ्यात बरंच काही एका जुन्या कागदावर अवलंबून आहे. बाकावर रोज होणाऱ्या चर्चेत हे तिन्ही प्रश्न एकाच टोपलीत टाकले जातात आणि मग ‘कोर्टात काही होत नाही’ किंवा ‘कोर्टात गेलं की मिळतंच’ अशी दोन टोकं धरली जातात. दोन्ही टोकांपायी माणसांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे.

सगळ्याचं मूळ : १७ डिसेंबर १९८२

देशभर १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतात. नाशिकमध्येही निवृत्तांचे मेळावे त्या सुमारास होतात. त्या तारखेमागे एक खटला आहे.

डी. एस. नाकरा हे संरक्षण मंत्रालयातून निवृत्त झालेले अधिकारी. केंद्राने २५ मे १९७९ ला पेन्शन मोजण्याचं सूत्र सुधारलं. पूर्वी शेवटच्या ३६ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचे, ती १० महिन्यांवर आणली. शेवटच्या महिन्यांत पगार जास्त असतो, त्यामुळे सरासरी वाढते आणि पेन्शनही वाढतं. पण हे सूत्र फक्त ३१ मार्च १९७९ रोजी किंवा नंतर निवृत्त होणाऱ्यांना. आदल्या दिवशी घरी गेलेला माणूस जुन्याच सूत्रावर.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही रेघ पुसून टाकली. पीठावर सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर अशी आपल्याकडची मंडळी होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक पेन्शनरने डोक्यात पक्क्या ठेवाव्यात. एक, पेन्शन ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नाही, केलेल्या सेवेतून कमावलेला तो हक्क आहे. (१९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात हेच सांगितलं होतं. पुढे २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की पेन्शन ही संविधानाच्या कलम ३००-अ खालची मालमत्ता आहे, कायद्याच्या आधाराशिवाय ती हिरावता येत नाही.) दोन, एकाच नियमाखाली पेन्शन घेणारे सगळे एकच वर्ग आहेत. त्या वर्गाचे निवृत्तीच्या तारखेवरून दोन तुकडे करायचे असतील तर त्याला सबळ कारण हवं. नुसती तारीख म्हणजे कारण नव्हे. कलम १४ मधल्या समानतेचा हा अर्थ.

बाकावर नाकरा निकालाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. मात्र त्याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही.

नाकरा निकालाने ‘सगळ्यांना सारखी रक्कम’ असं म्हटलेलं नाही. त्याने म्हटलं की सूत्र सारखं लावा. १९७० मध्ये निवृत्त झालेल्या माणसाचा शेवटचा पगार कमी होता, म्हणून त्याच सूत्रातून त्याची रक्कम कमी येणार, आणि न्यायालयाला त्यात गैर वाटलं नाही. १९९१ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेने ‘समान हुद्दा, समान रक्कम’ अशी मागणी याच निकालाच्या आधारावर केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्वच्छ मांडला आणि मागणी नाकारली. त्याच्या आदल्याच वर्षी कृष्णकुमार खटल्यात, पेन्शन योजनेतले आणि भविष्य निर्वाह निधीवाले हे मुळात एक वर्ग नाहीत, असंही ठरलं. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर भरती झालेल्या पोलिसांचा जुन्या पेन्शनचा लढा याच दुसऱ्या मुद्द्यावर अडतो, म्हणून तो संपातून आणि सरकारशी वाटाघाटीतून पुढे सरकतो. कोर्टातून त्याला फारशी वाट मिळत नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

म्हणून कुणी पेन्शनचा कागद दाखवला की मी आधी एकच गोष्ट विचारते: तुम्हाला वेगळं सूत्र लावलंय, की सूत्र तेच आहे आणि रक्कम वेगळी आली आहे? पहिल्यात दम आहे. दुसऱ्यात बहुतेक वेळा नाही.

याच ठिकाणी कुणीतरी म्हणतंच, ‘मग फौजेला एक पद एक पेन्शन कसं मिळालं?’ ते कोर्टाने दिलेलं नाही. केंद्राने नोव्हेंबर २०१५ मध्ये धोरण म्हणून दिलं, १ जुलै २०१४ पासून. मार्च २०२२ मध्ये ते धोरण सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरलं, पण सरकारचा धोरणात्मक निर्णय म्हणून. पोलीस हा राज्यांच्या यादीतला विषय. असं धोरण आपल्या पोलिसांना हवं असेल तर ते मुंबईच्या मंत्रालयातूनच यायला हवं. मला स्वतःला वाटतं की यायला हवं. कुंभमेळ्यात रामकुंडावर सलग अठरा-अठरा तास उभं राहणाऱ्या, सण म्हणजे बंदोबस्त इतकंच माहीत असलेल्या माणसांच्या सेवेचं मोल सरकारने वेगळं मोजायला हवं. पण ही मागणी मोर्चाची आणि निवेदनाची आहे. याचिकेत ती टिकणार नाही, हे त्यांना खोटी आशा न दाखवता सांगायला हवं.

मोठ्या साहेबांची लढाई, आणि एका ओळीची किंमत

नाशिक परिक्षेत्राला विशेष पोलीस महानिरीक्षक असतात. त्या हुद्द्याच्या, २००६ पूर्वी निवृत्त झालेल्या केंद्रीय श्रेणीतल्या अधिकाऱ्यांचं काय झालं ते बघू. शिपाई-हवालदारांनाही हे कळलं पाहिजे, कारण पेन्शन कुठे गळतं ते इथे उघडं दिसतं.

सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने १ सप्टेंबर २००८ ला आदेश काढला: २००६ पूर्वी निवृत्त झालेल्याचं सुधारित पेन्शन, त्याच्या जुन्या वेतनश्रेणीशी जुळणाऱ्या नव्या वेतनाच्या किमान रकमेच्या निम्म्याहून कमी असणार नाही. महानिरीक्षकाची जुनी वेतनश्रेणी १८,४०० ते २२,४०० ची. नव्या तक्त्यात त्या श्रेणीचं किमान वेतन ४४,७०० आणि ग्रेड पे १०,०००, मिळून ५४,७००. त्याचं निम्मं २७,३५०.

महिन्याभरात, ३ ऑक्टोबर २००८ ला, ‘स्पष्टीकरण’ आलं. किमान म्हणजे त्या श्रेणीचं किमान नव्हे, ती श्रेणी ज्या मोठ्या वेतनपट्ट्यात बसते त्या पट्ट्याचं किमान. पट्टा सुरू होतो ३७,४०० पासून. अधिक १०,०००, म्हणजे ४७,४००, आणि त्याचं निम्मं २३,७००.

मूळ आदेश तोच, आयोग तोच. एका ओळीच्या अर्थापायी महिन्याला ३,६५० रुपये गेले, आणि महागाई भत्ता त्यावरच मोजतात, म्हणून तोही घटला.

निवृत्तांच्या संघटना केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. १ नोव्हेंबर २०११ ला पूर्णपीठाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, २९ एप्रिल २०१३ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो कायम केला, सर्वोच्च न्यायालयानेही ढवळाढवळ केली नाही. दरम्यान सरकारने सुधारणा दिली ती सप्टेंबर २०१२ पासून. २००६ पासूनची थकबाकी द्यायचा आदेश यायला ३० जुलै २०१५ उजाडलं. तोवर अर्जदारांपैकी किती जण उरले असतील, हा विचार मनातून जात नाही.

त्याहून वरच्या श्रेणीतल्यांचं भांडण पुढेही चाललं. निवृत्त आयपीएस अधिकाऱ्यांची संघटना त्यात होती. २० मार्च २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राची विशेष अनुमती याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

इथे कुणालाही वाटेल की संपलं. पण मार्च २०२५ मध्ये संसदेने वित्त कायद्यातच एक भाग जोडला. त्याने केंद्राला पेन्शनरांमध्ये फरक करण्याचा, निवृत्तीच्या तारखेवरूनही फरक करण्याचा अधिकार असल्याचं म्हटलं, आणि तेही १ जून १९७२ पासून, म्हणजे केंद्रीय पेन्शन नियम लागू झाले तेव्हापासून. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितलं की सध्याच्या लाभांत बदल होणार नाही आणि सातव्या आयोगाने जुन्या-नव्यांत आणलेली बरोबरी कायम आहे. निवृत्तांना ते पटलेलं नाही. नाकरा निकालाने पुसलेली रेघ कायद्याने पुन्हा ओढली, असं त्यांचं म्हणणं आहे आणि या तरतुदीला आव्हान दिलं गेलं आहे. माझं मत विचाराल तर कोर्टात हरल्यावर त्रेपन्न वर्षं मागे जाऊन नियम बदलणं हे ज्यांनी कायदा राबवण्यात आयुष्य घालवलं त्यांच्याशी बरोबर वागणं नाही.

बाकावर या बातमीने खूप घबराट पसरली होती. मोबाइलवर संदेश फिरत होते, ‘आता पेन्शनसाठी कोर्टात जाता येणार नाही.’ म्हणून हे नीट वाचा. हा कायदा भारताच्या संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या तिजोरीतून होणाऱ्या पेन्शन खर्चाबद्दल बोलतो. महाराष्ट्र पोलीस दलातला शिपाई, हवालदार, फौजदार, निरीक्षक यांचं पेन्शन महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ खाली, राज्याच्या तिजोरीतून मिळतं. त्यांच्यावर हा कायदा थेट लागू होत नाही. आयपीएस साहेबांचं पेन्शन अखिल भारतीय सेवांच्या वेगळ्या नियमांखाली येतं. एकाच ठाण्यात बसलेल्या दोघांची पेन्शनची वाट वेगळी असते, आणि केंद्राचा प्रत्येक आदेश राज्याने आपला शासन निर्णय काढल्याशिवाय आपल्याला लागू होत नाही. अर्ध्याअधिक गैरसमजांचं मूळ इथे आहे.

केंद्राचा आठवा वेतन आयोग न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली बसला आहे. ३१ डिसेंबर २०२५ ला निवृत्त झालेला आणि महिन्याभराने निवृत्त झालेला, यांच्यात काय अंतर पडेल ही चिंता म्हणूनच खरी आहे. आपल्याकडे राज्य काय स्वीकारतं ते नंतर ठरेल. सातवा आयोग केंद्रात २०१६ ला लागू झाला आणि आपल्या सरकारने त्याची अंमलबजावणी सुरू केली १ जानेवारी २०१९ पासून.

हवालदार काकांचा ३० जून

आता काकांकडे. सहाव्या आयोगापासून वार्षिक वेतनवाढ १ जुलैला पडते. काकांनी १ जुलै २०१५ ते ३० जून २०१६ असं अख्खं वर्ष काम केलं. त्या वर्षाची वेतनवाढ दुसऱ्या दिवशी पडायची, पण दुसऱ्या दिवशी ते सेवेत नव्हते. म्हणून नाही मिळाली. दोस्त ३१ जुलैला गेला, त्याला ती मिळाली आणि त्याचं पेन्शन वाढीव पगारावर बसलं.

हिशेबाला सोपं म्हणून मूळ वेतन ६०,००० धरू. ३ टक्के वेतनवाढ म्हणजे १,८००. पेन्शन निम्म्यावर, म्हणजे महिन्याला ९०० रुपयांचा फरक, वर महागाई भत्त्याचा फरक, आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतनातही फरक उतरतो.

मद्रास उच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०१७ ला पी. अय्यमपेरुमाळ या निवृत्त अधिकाऱ्याला ही वेतनवाढ पेन्शनसाठी धरून दिली. ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या वीज पारेषण कंपनीच्या खटल्यात तत्त्व पक्कं केलं: वेतनवाढ ही सरलेल्या वर्षाच्या चांगल्या सेवेची असते, ती ३० जूनलाच कमावून झालेली असते, दुसऱ्या दिवशी माणूस सेवेत नाही एवढ्यावरून ती बुडवता येत नाही. आपल्या वित्त विभागानेही त्याच वर्षी याबाबत शासन निर्णय काढला. या वाढीला काल्पनिक वेतनवाढ म्हणतात. प्रत्यक्ष पगार म्हणून ती हातात येत नाही, फक्त पेन्शन मोजताना धरली जाते.

थकबाकीवर मात्र गोंधळ झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात तो मिटवला. जे स्वतः कोर्टात गेले नव्हते त्यांना वाढीव पेन्शन १ मे २०२३ पासून, त्याआधीचं नाही. जे आधी कोर्टात जाऊन जिंकले आणि ज्यांचा निकाल अंतिम झाला त्यांना त्यांच्या निकालाप्रमाणे. काका कोर्टात गेले नव्हते, म्हणून त्यांना २०१६ पासूनचं काही मिळणार नाही, पण मे २०२३ पासूनचं मागता येतं. काकांना वाईट वाटलं. सात वर्षांचे पैसे गेले. मलाही वाईट वाटलं, पण ही आशा मी दाखवू शकत नव्हते.

याच बाकावरचे दुसरे दोघे लगेच म्हणाले, ‘आमचंही करा.’ त्यांची जन्मतारीख १ जून. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना अनेकांची जन्मतारीख १ जून लावलेली असते. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणजे हे दोघे ३१ मेला गेले. त्यांचं वर्ष अकरा महिन्यांचं झालं, पूर्ण झालं नाही. त्यांना हा निकाल लागू पडत नाही. गुरुजींनी एक दिवस पुढची तारीख लिहिली असती तर ते ३० जूनला गेले असते.

निरीक्षक साहेबांचं मी थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं चांगलं फारसं नाही. राज्याने उपदानाची कमाल मर्यादा १४ वरून २० लाख केली ती १ सप्टेंबर २०२४ पासून. साहेब ३१ ऑगस्टचे. पेन्शन दरमहा चालू राहतं, उपदान एकदाच मिळतं आणि संपतं, म्हणून नाकरा निकालाचा नियम उपदानाला लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटलं. २००५ च्या अमरनाथ गोयल खटल्यात उपदानाच्या मर्यादेचीच तारीख वादात होती आणि सरकारची आर्थिक ओढाताण हे कारण न्यायालयाने मान्य केलं. २०१९ मध्ये मणिपूरच्या पेन्शनरांच्या बाबतीत मात्र पैशांची अडचण हे कारण न्यायालयाने ऐकलं नाही, पण तिथे वाद पेन्शनचा होता. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘एका दिवसाने सहा लाख, पोरी.’ मर्यादेला अडणाऱ्याचा तोटा सहा लाखांपर्यंत जाऊ शकतो, हे खरंच आहे.

काकूंचं वसुलीचं पत्र

निवृत्त पोलिसांच्या घरात सगळ्यात जास्त भीती या पत्राची असते. निवृत्तीच्या वेळी सेवापट, म्हणजे नोकरीची नोंदवही, वेतन पडताळणीला जातो आणि तिथे निघतं की वीस वर्षांपूर्वी आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळालेल्याला वरची वेतनश्रेणी देणारी योजना) लाभ देताना किंवा वेतननिश्चिती करताना चूक झाली. चूक कार्यालयाची. वसुली मात्र माणसाकडून, कधीकधी त्याच्या विधवेकडून.

१८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल यावर आहे. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून, तसंच वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ दिल्या गेलेल्या रकमेची वसुली करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. कर्मचाऱ्याने स्वतः लबाडी केलेली नसावी. शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतची माणसं तृतीय श्रेणीत येतात, म्हणजे हे कवच त्यांच्यासाठीच आहे.

यात एक खाच आहे. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात न्यायालय म्हणालं की वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा दिलं गेल्यास परत करीन’ असं हमीपत्र दिलं असेल तर वसुली होऊ शकते. प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळी असं हमीपत्र सगळ्यांकडून छापील अर्जावर लिहून घेतात. बंदोबस्तातून आलेल्या माणसाने ते वाचून सही केलेली नसते. जगदेव सिंग हे न्यायिक अधिकारी, वरच्या श्रेणीतले. तोच नियम हवालदाराला जसाच्या तसा लावायचा का, यावर वाद करता येतो आणि केला जातो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: वसुली थांबली तरी पुढचं पेन्शन दुरुस्त वेतनावर बसवलं जाऊ शकतं. वसुली आणि पुनर्निश्चिती हे दोन वेगळे मुद्दे आहेत, अर्जात ते वेगळे मांडावे लागतात.

जायचं कुठे, आणि कधीपर्यंत

राज्य पोलिसांच्या सेवेच्या आणि पेन्शनच्या तक्रारीसाठी पहिलं कोर्ट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे मॅट म्हणतात. नाशिककरांना मुंबईच्या पीठाकडे जावं लागतं. आयपीएस असाल तर केंद्रीय न्यायाधिकरण. थेट उच्च न्यायालयात धावून उपयोग नाही. १९९७ च्या चंद्रकुमार निकालापासून आधी न्यायाधिकरण आणि मग उच्च न्यायालयाचं खंडपीठ असा क्रम आहे.

त्याआधी खात्याकडे लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. अंतिम उत्तर आलं की तिथून एक वर्षाच्या आत मॅटमध्ये अर्ज. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघायची आणि त्यापुढे एक वर्ष. निवेदनावर निवेदनं देत राहिलं की मुदत वाढते, हा समज बाकावर घट्ट आहे आणि तो चुकीचा आहे. पेन्शन दरमहा कमी येत असेल तर तो चालू राहणारा अन्याय मानतात आणि उशीर माफ होऊ शकतो, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे थांबलेला प्रत्येक महिना मागच्या टोकाने गळून पडतो.

‘तो जिंकला की आपल्याला आपोआप मिळेल’ असं म्हणून बसणाऱ्यांसाठी २०१४ चा अरविंदकुमार श्रीवास्तव निकाल वाचण्यासारखा आहे. सारख्या परिस्थितीतल्या सगळ्यांना सारखा लाभ द्यावा हे तत्त्व त्यात मान्य केलं आहे, पण कुंपणावर बसून दुसऱ्याचा निकाल बघत राहिलेल्याला न्यायालय नकार देऊ शकतं, हेही त्यातच आहे. कारण सारखं असेल तर काही जणांना मिळून एकच अर्ज करण्याची परवानगी मागता येते, खर्च वाटला जातो.

कागद म्हणाल तर पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत, अंतिम वेतन प्रमाणपत्र, आश्वासित प्रगतीचे आदेश आणि सेवापटाची पूर्ण प्रत. सेवापट मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांची मुदत आहे. विधवा काकूंसाठी आणखी एक: कायदेविषयक मोफत मदत स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मिळते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करायची.

काकूंना सेवापटाची प्रत मागच्या आठवड्यात मिळाली. आम्ही दोघींनी पानं उलटली. २००९ च्या वेतननिश्चितीला जोडलेलं छापील हमीपत्र आहे, खाली काकूंच्या यजमानांची सही आहे, बक्कल नंबरसकट. काकूंनी सहीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘म्हणजे हरलो का गं?’ नाही, काकू. वादग्रस्त लाभ १९९८ चा आहे, हमीपत्र त्याच्या अकरा वर्षांनंतरचं आणि दुसऱ्याच वेतननिश्चितीचं. हा मुद्दा अर्जात सगळ्यात वर येईल. पत्राची तारीख मी वहीवर मोठ्या अक्षरात लिहिली आहे, वर्ष संपायला अजून सात महिने आहेत. सोमवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला वकिलांकडे निघालो आहोत. हवालदार काका सोबत येतो म्हणालेत.